एका भाषेची पदवी : बुलढाणा जिल्ह्यातून दिसणारा भाषाभ्यासाचा इतिहास

'मराठी घेऊन बी. ए.' या शब्दप्रयोगात दोन गृहीतके दडलेली आहेत. भाषेचा अभ्यास म्हणजे एका वेळी एकाच भाषेचा अभ्यास, हे पहिले. भाषेचा अभ्यास म्हणजे अंतिमतः त्या भाषेतील मुद्रित साहित्याचा अभ्यास, हे दुसरे. ही गृहीतके आपल्या विद्यापीठीय व्यवहारात इतकी मुरलेली आहेत की त्यांना काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. उलट अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठात पदवीच्या पातळीवर 'दक्षिण आशियाई भाषा आणि साहित्य' असा विषय असतो हे ऐकले म्हणजे आपल्याला ते विद्यार्थ्यांची हौस पुरवणारे कडबोळे वाटते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की ही दोन्ही एकके ऐतिहासिक आहेत. त्यांच्या जन्माच्या तारखा सांगता येतात, त्यांमागचे हेतूही सांगता येतात. आणि ते सांगण्यासाठी पुणे-मुंबईपेक्षा बुलढाणा जिल्हा ही अधिक सोयीची जागा आहे.

सोयीची अशासाठी की या जिल्ह्याची भाषिक घडण एका विषयाच्या चौकटीत मावत नाही. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके आहेत. मध्ये पूर्णेचे काळे खोरे आणि त्यातून मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी धावणारी लोहमार्गाची रेघ आहे. दक्षिणेला घाटावरचा प्रदेश, पैनगंगेच्या काठचे मेहकर, लोणारचे विवर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखालची वऱ्हाडी आणि घाटावरची, मराठवाड्याकडे झुकलेली बोली यांतला फरक इथल्या माणसाला पहिल्या वाक्यात कळतो. मलकापूर-खामगावच्या मोहल्ल्यांतून उर्दू आहे आणि सातपुड्याच्या कुशीत कोरकू आहे. त्याच कुशीत आणखी एक भाषा आहे. तिच्याकडे लेखाच्या उत्तरार्धात यावयाचे आहे.

आरंभ मात्र एका व्यक्तीपासून करणे योग्य होईल. विष्णु भिकाजी कोलते यांचा जन्म १९०८ साली मलकापूर तालुक्यातील नरवेल या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले. त्यापूर्वी वऱ्हाडातील मुलाला महाविद्यालयीन शिक्षणासाठी नागपूरचे हिस्लॉप किंवा मॉरिस कॉलेज अथवा मुंबई इलाखा गाठावा लागे. नागपूरची ती महाविद्यालये आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे वऱ्हाडातल्या मराठी विद्यार्थ्याचा पाठ्यक्रम मराठी मुलखाबाहेर ठरत असे. कोलते हे नागपूर विद्यापीठाच्या पहिल्या पिढीचे विद्यार्थी. पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले (१९६६ ते १९७२), आणि १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्यांचे 'लीळाचरित्र' प्रसिद्ध केले.

या चरित्रातला एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कोलत्यांनी ज्या ग्रंथावर आयुष्य वेचले त्याच्या अनेक लीळा त्यांच्याच जिल्ह्यात घडतात. चक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीत मेहकर आणि लोणार येतात, यादव राजा कान्हरदेव याच्या भेटीची लीळाही लोणारशी निगडित आहे. तरीही कोलते विद्यार्थी असताना हे वाङ्मय नुकतेच कोठे अभ्यासाच्या कक्षेत येत होते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये बंदिस्त ठेवले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा झाला. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ मध्ये आले. हरि नारायण नेने यांनी नागपुरातून १९३६ पासून 'लीळाचरित्रा'चे भाग छापण्यास प्रारंभ केला. तेव्हा कोलत्यांच्या पिढीने महानुभावांचा अभ्यास 'विषय' म्हणून पत्करला तेव्हा तो विषय तयार नव्हता. त्यांना लिपी शिकावी लागली, मठ हिंडावे लागले, महंतांचा विश्वास संपादावा लागला. पंथाचे मठ पंजाबात आणि त्यापलीकडे पेशावरपर्यंत पसरलेले होते. तिकडे 'जयकृष्णी' म्हणून ओळखला जाणारा हा पंथ पंजाबी बोलणाऱ्या अनुयायांत तेराव्या शतकातल्या मराठीचे ग्रंथ शास्त्र म्हणून वाचत आणि जपत आला. मराठीचा हा प्रवास मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तळटीप म्हणून येतो. त्याला मध्यवर्ती मानणारी अभ्यासपत्रिका आपण कधी आखली नाही.

असे का झाले, याचे उत्तर मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पन्नास वर्षांत सापडते. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने प्रारंभी देशी भाषांना परीक्षांत स्थान दिले होते. परंतु १८६० च्या दशकातच वरच्या परीक्षांतून त्यांची हकालपट्टी झाली आणि त्यांची जागा संस्कृत, फारसी, अरबी, लॅटिन या अभिजात भाषांनी घेतली. कारण असे दिले जाई की देशी भाषांत पदवीला नेमण्याजोगे वाङ्मय नाही. या निर्णयाविरुद्ध ज्यांनी दीर्घकाळ झुंज दिली त्यांत महादेव गोविंद रानडे अग्रभागी होते. त्यांचे मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे १८९८ चे इंग्रजी टिपण आपण आज वाङ्मयेतिहासाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. प्रत्यक्षात ते एक वकीलपत्र आहे. किती ग्रंथ छापले गेले, कोणकोणत्या शाखांत, त्यांतले स्वतंत्र किती आणि भाषांतरित किती, याचा हिशेब रानडे मांडतात, कारण समोरच्या पक्षाचा मुद्दाच ग्रंथसंख्येचा आणि ग्रंथयोग्यतेचा होता. शतक उलटता उलटता एम. ए. च्या परीक्षेत मराठीला शिरकाव मिळाला. पदवीचे दार मात्र त्यानंतरही बराच काळ किलकिलेच राहिले. पायाआधी कळस, असा हा क्रम.

रानड्यांच्या विजयाचे मोल कमी करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पण विजयाची किंमत काय पडली हे पाहिले पाहिजे. ज्या अटीवर मराठीला प्रवेश मिळाला ती अट मराठीने स्वतःच्या घराला लावून घेतली. ज्या भाषेजवळ छापील, 'योग्य' वाङ्मय आहे तीच अभ्यासाची भाषा, बाकीच्या बोली. एखादी भाषा विद्यापीठात कशी यावी याचा एकमेव मार्ग म्हणजे तिने इंग्रजीसारखा वाङ्मयेतिहास दाखवावा, त्याचे कालखंड पाडावेत, प्रत्येक कालखंडाला दोनचार मोठे कवी द्यावेत. मराठीने हे केले. आणि त्याच क्षणी वऱ्हाडी ही तिची 'बोली' ठरली, उर्दू ही शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या विभागाची मालमत्ता ठरली आणि कोरकूला तर खोलीच उरली नाही.

हे अटळ होते असे नाही. कलकत्ता विद्यापीठाने आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने १९१९ मध्ये 'भारतीय देशी भाषा' या विषयात एम. ए. चा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थ्याला एका मुख्य भाषेच्या जोडीला दुसरी एक भारतीय भाषा अभ्यासावी लागे. बंगाली घेणाऱ्याने आणखी एका देशी भाषेत शिरल्याशिवाय त्याला बंगालीचा पदव्युत्तर मानायचे नाही, ही कल्पना आजही क्रांतिकारक वाटावी अशी आहे. ती पदवीच्या पातळीवर उतरली असती तर आपल्या भाषाविभागांचा नकाशा निराळा दिसला असता. तसे घडले नाही. स्वतःची भाषा विद्यापीठात रुजवण्याची निकड प्रत्येक प्रांताला इतकी होती की शेजाऱ्याच्या भाषेसाठी जागा राखणे म्हणजे आपल्या हिश्शातून काढून देणे वाटले असावे.

दुसरा एक मार्ग बुलढाण्याच्या अगदी शिवेवर उघडला होता, आणि तो आपल्या समीक्षेने जवळजवळ विस्मरणात टाकला आहे. १७२४ मध्ये सिंदखेडराजाजवळच्या साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनेत आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. हैदराबाद संस्थानाचा राज्यकारभार त्यानंतर कित्येक वर्षांनी, १८८० च्या दशकात, फारसीकडून उर्दूकडे वळला, आणि १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. या दोन तारखांमधल्या अंतराचा परिणाम विलक्षण आहे. देऊळगावराजा आणि जालना यांच्या मध्ये शेते एकसारखी, सोयरीकही एकसारखी. पण एका बाजूच्या मुलाची शाळा-कचेरी मराठीत आणि पदवी इंग्रजीत, तर दुसऱ्या बाजूच्या मुलाची शाळा पुष्कळदा उर्दूत आणि पदवीही उर्दूत. मराठवाड्याने या लादलेल्या माध्यमाविरुद्ध जो रोष बाळगला तो न्याय्यच होता. स्वभाषेत शिकण्याचा हक्क हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या मुळाशी होता हे विसरून चालणार नाही. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते : उस्मानियाने आधुनिक ज्ञानशाखा पदवीपर्यंत एका भारतीय भाषेत शिकवून दाखवल्या, त्यासाठी भाषांतराचा स्वतंत्र विभाग चालवला, परिभाषा घडवली. मराठी घरातून आलेला, उर्दूत शिकलेला आणि इंग्रजी वाचणारा असा जो पदवीधर त्या व्यवस्थेतून निघाला तो, इच्छेने म्हणा वा अनिच्छेने, दक्षिण आशियाई भाषांचा विद्यार्थी होता. आपण त्याच्याकडे अन्यायाचा साक्षीदार म्हणून पाहिले. त्याच्या बहुभाषिक वाचनाकडे ज्ञान म्हणून पाहिले नाही.

आता परदेशातील एककाकडे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी १९४८ च्या सुमारास दक्षिण आशियाच्या प्रादेशिक अभ्यासाचा विभाग उभा केला. शिकागो विद्यापीठात १९५६ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय संस्कृतीचा प्रास्ताविक अभ्यासक्रम सुरू झाला. रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेने १९५८ मध्ये जो राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला त्यातून परकीय भाषांच्या अध्यापनाला पैसा मिळू लागला. 'संरक्षण' हा शब्द कायद्याच्या नावातच आहे. तेव्हा 'दक्षिण आशिया' हे एकक निष्पाप आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याच्या मुळाशी महासत्तेची गरज होती, आणि हा आक्षेप मराठी समीक्षकांनी वेळोवेळी योग्यच घेतला आहे.

पण आक्षेप घेऊन झाल्यावर फळ काय आले तेही पाहावे. अमेरिकेतील मिडवेस्टच्या छोट्या महाविद्यालयांचे विद्यार्थी, म्हणजे पदवीचेच विद्यार्थी, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुण्यात येऊन मराठी शिकू लागले. त्यांपैकीच कार्लटन महाविद्यालयात एलिनॉर झेलियट यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. मॅक्सिन बर्नसन यांनी १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनियाला जो पीएच्. डी. चा प्रबंध सादर केला त्याचा विषय फलटण या गावाचे बोलणे हा होता. जाई निंबकर यांच्यासमवेत त्यांनी तयार केलेले मराठीचे संदर्भव्याकरण आणि कोश १९७५ मध्ये निघाले. अ‍ॅन फेल्डहाउस यांचा महानुभाव 'सूत्रपाठा'चा अभ्यास १९८३ मध्ये, ऋद्धिपूरलीळांचा अनुवाद १९८४ मध्ये आला. शं. गो. तुळपुळे यांच्यासह त्यांनी केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. हा कोश करण्यास परदेशी अभ्यासक लागावा याबद्दल लाज वाटून घेण्याची एक पद्धत आपल्याकडे आहे. ती निरुपयोगी आहे. प्रश्न पद्धतीचा आहे. परक्या विद्यार्थ्याला मराठी येत नसल्यामुळे त्याला तिचे व्याकरण, लिपी, शेजारच्या भाषांशी असलेले नाते हे सगळे शिकवावेच लागते. आपल्या विद्यार्थ्याला मराठी 'येते' असे आपण धरून चालतो, आणि म्हणून त्याला ती शिकवतच नाही. मेहकरच्या मुलापुढे 'लीळाचरित्र' हे चारदोन उताऱ्यांचे 'प्राचीन गद्य' म्हणून येते. पाठीमागे शब्दार्थ असतात, परीक्षेत संदर्भासह स्पष्टीकरण असते. त्या गद्यातली काही रूपे आणि शब्द त्याच्या आजीच्या बोलण्यात अजून जिवंत असू शकतील, हे त्याला कोणी सांगत नाही. कारण आजीचे बोलणे हा दुसऱ्याच, 'बोली' नावाच्या प्रश्नपत्रिकेचा भाग आहे.

आता ती राहिलेली भाषा. जळगाव जामोद तालुक्यातील सोनबर्डी, जामोद आदी गावांत आणि लगतच्या मध्य प्रदेशातील पट्ट्यात निहाल नावाचा समाज राहतो. त्याची भाषा निहाली. बोलणारे स्वतः तिला कल्टो म्हणतात. बोलणाऱ्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास सांगितली जाते. दहा हजारांखालील भाषांचे आकडे जनगणना स्वतंत्रपणे प्रसिद्ध करीत नसल्याने सरकारी तक्त्यात ती दिसत नाही. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिची नोंद कोरकूच्या आधाराने झाली. सुधीभूषण भट्टाचार्य यांनी १९५७ मध्ये क्षेत्रकार्यावर आधारलेली टिपणे प्रसिद्ध केली. लायडनचे संस्कृतज्ञ एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहून दाखवले की तिच्यात कोरकूचे, द्राविडी भाषांचे, मराठी-हिंदीचे थर एकावर एक आहेत. हे थर खरवडल्यावर खाली सुमारे चौथा हिस्सा शब्द असे उरतात की त्यांचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी जुळत नाही. संपूर्ण उपखंडात अशा एकाकी भाषा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि त्यांतली एक बुलढाणा जिल्ह्यात आहे.

कायपर यांनी निहाली ही मुळात एखाद्या गटाची गुप्त बोली असावी काय, अशीही शंका उपस्थित केली होती. निहालांना लुटारू म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जे निर्दयपणे कापून काढण्यात आले त्याची आठवण त्या शंकेमागे आहे. एकाच जिल्ह्याच्या संदर्भात गुप्ततेचा प्रश्न दोनदा यावा हे लक्षणीय वाटते. महानुभावांनी लिपी गुप्त ठेवली तेव्हा आपण तिला पंथाचे रहस्य म्हटले, ते उलगडण्यासाठी विद्वान पुढे आले, आणि उलगडल्यावर मराठी गद्याचा आद्यग्रंथ हाती लागला. निहालांची भाषा कळेना तेव्हा ती चोरांची भाषा असावी असे विद्वत्तेच्याच पातळीवर सुचले. लिखिताला आणि अलिखिताला आपण वेगवेगळे न्याय लावतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

निहालीचा प्रश्न केवळ उपेक्षेचा असता तर तो करुणेने सुटला असता. तो क्षमतेचा प्रश्न आहे. निहालीतला एखादा शब्द ऐकून तो कोरकूतून आला, द्राविडीतून आला, मराठीतून आला की स्वतःचा आहे हे विचारण्यासाठी मुंडा, द्राविडी आणि हिंदआर्य या तीन कुलांशी किमान तोंडओळख लागते. एका भाषेची पदवी घेतलेल्याला हा प्रश्न पडूच शकत नाही. जळगाव जामोदचा मराठीचा पदवीधर निहाल मुलाशेजारी एकाच एसटीत बसून प्रवास करील आणि त्याला फक्त इतकेच कळेल की पलीकडची माणसे 'काहीतरी' बोलत आहेत. आशा मुंडले यांनी या भाषेचा शब्दसंग्रह परिश्रमाने गोळा केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला तो अमेरिकेतून निघणाऱ्या 'मदर टंग' या नियतकालिकात. के. एस. नागराज यांचे निहालीवरील पुस्तक २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने काढले. बंगाली, डच, कन्नड, मराठी अशा नावांच्या या मालिकेत जिल्ह्यातील महाविद्यालयांचा वाटा कोठे आहे, हा प्रश्न टोचणारा असला तरी विचारला पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे हलके नाही, की ज्या मुलाला पदवीनंतर पोटाची भ्रांत आहे त्याला तीन भाषाकुलांच्या गोष्टी कसल्या सांगता? या आक्षेपाचे सर्वांत समर्थ रूप याच जिल्ह्याच्या साहित्यात आहे. अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२, साहित्य अकादेमी पुरस्कार २००४) या कादंबरीतला एकनाथ एम. ए., बी. एड्. आहे. नोकरीसाठी मोजावयाचे पैसे त्याच्याजवळ नाहीत, आणि शिकल्यामुळे शेतीतही त्याचे मन पुरते रमत नाही. पदवी त्याला गावापासून तोडते आणि शहराशी जोडत नाही. कादंबरीची समीक्षा शेतकऱ्यांच्या प्रश्नाभोवती फिरत राहिली, ते साहजिक होते. परंतु ती भाषाशिक्षणाची कादंबरी म्हणूनही वाचता येते. तिच्यातील माणसे वऱ्हाडीत जगतात, भांडतात, हिशेब करतात. एकनाथला मिळालेले शिक्षण त्या भाषेला ज्ञानाचा विषय मानत नाही. त्याने जे शिकले ते त्याच्या घरातल्या कोणत्याही गोष्टीकडे बोट दाखवीत नाही. या अर्थाने नोकरीचा प्रश्न आणि अभ्यासविषयाचा प्रश्न आक्षेपकाला वाटतात तितके दूरचे नाहीत. ज्या पदवीने माणूस आपल्या मुलखाचा जाणकार होत नाही तिची बाजारात काय किंमत येणार?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला. चक्रधरांच्या पंथाचे पीठ असलेल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले आणि २०२४ मध्ये त्याला पहिले कुलगुरू मिळाले. दर्जासाठी जे पुरावे मांडावे लागले त्यांची रीत १८९८ च्या टिपणाचीच होती : आमच्याजवळ ग्रंथ आहेत, ते जुने आहेत, ते योग्यतेचे आहेत. शंभराहून अधिक वर्षांनी आपण तेच वकीलपत्र नव्याने सादर केले आणि खटला जिंकला. जिंकल्यावर आता अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या हाती दुसरी गोष्ट आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या रचनेत मुख्य विषयाच्या जोडीला गौण विषय आणि क्षेत्रीय प्रकल्प आले आहेत. बहुतेक ठिकाणी हा प्रकल्प एखाद्या ग्रंथालयाला भेट देऊन आणि छायाचित्रे चिकटवून पुरा होतो. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील बुलढाण्याच्या महाविद्यालयांना मात्र तो वेगळ्या रीतीने भरता येईल. मराठीच्या विद्यार्थ्याने गौण विषय म्हणून उर्दू घ्यावी, उर्दूच्या विद्यार्थ्याने मराठी. दुसऱ्या वर्षी दोघांनी मिळून जामोदला जावे आणि निहालीतले पहिले पाच अंक विचारून घ्यावेत. एकचा शब्द तिचा खास आहे. दोन, तीन, चार द्राविडी वळणाचे आहेत, आणि पाचचा शब्द मराठी-हिंदीकडचा असल्यामुळे तो त्यांना न सांगताच समजेल.